थकव्याच्या तक्रारीला उत्तर एकच कसे?

जुलैत भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत भातलावणी सुरू झाली, की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. लावणीच्या दिवसांत आणि ती उरकल्यावरही दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘अंगात त्राणच नाही, हातपाय गळून जातात.’ केसपेपरवर याचे दोनच शब्द होतात, ‘जनरलाइज्ड वीकनेस’. मग लोहाच्या गोळ्या, ‘ताकदीचे’ इंजेक्शन, नाहीतर पदरचे पैसे मोडून एक सलाईन. महिन्याभराने तीच बाई तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात.

आपल्या भाषेला यातला फरक चांगला कळतो. दमणे वेगळे, शीण वेगळा, अशक्तपणा वेगळा आणि मरगळ आणखी वेगळी. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो; मरगळ आलेल्याला झोपूनही बरे वाटत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत जगभर थकव्यावर जे वैद्यकीय संशोधन झाले, त्याचे सार या फरकाच्या जवळ जाते. थकवा हा एक आजार नाही. अनेक वाटांनी येऊन एकाच शब्दात मावणारी ती तक्रार आहे. वाट ओळखली नाही तर उपचार वाया जातात आणि काही वेळा उलटतातही.

सर्वात ओळखीची वाट रक्तक्षयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहीम 2018 मध्ये सुरू झाल्यानंतरही आकडा वाढलेलाच दिसला. बोट टोचून काढलेल्या थेंबावरची मोजणी आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरची मोजणी यांत फरक पडतो, असा आक्षेप त्यावर आला. पुढे सहाव्या फेरीतून ही चाचणी वगळून रक्तक्षयाची मोजणी आहार आणि जैविक निर्देशकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे सोपवायचे ठरले. आकडा किती खरा, हा वाद तज्ज्ञांचा आहे. वेल्ह्यातल्या बाईपुढचा प्रश्न साधा आहे : हिमोग्लोबिन वाढले की माझा थकवा जाईल का?

याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातून आले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे 12.1 टक्के स्त्रियांनी सांगितले. म्हणजे दर आठ जणींमागे साधारण एक. संशोधकांनी रक्तही तपासले होते, पण थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. तो आढळला तो कमी शिक्षणाशी, घरावरच्या कर्जाशी, मनाच्या ढासळलेल्या अवस्थेशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या अत्याचाराशी. अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांमध्ये थकवा कमी होता.

याचा अर्थ रक्तक्षयाने थकवा येत नाही, असा काढणे चूक ठरेल. तीव्र रक्तक्षयात दोन पायऱ्या चढतानाही धाप लागते आणि तिथे लोहाला पर्याय नाही. एका वेळच्या पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हेही ठामपणे सांगता येत नाही. पण दीर्घकाळ थकलेल्या प्रत्येक बाईला ‘रक्त कमी आहे’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवणे पुरेसे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन चांगले म्हणजे लोह पुरेसे, असेही नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आधी खाली येते आणि हिमोग्लोबिन नंतर. फ्रान्समध्ये 198 थकलेल्या, पण रक्तक्षय नसलेल्या आणि फेरिटिन कमी असलेल्या स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना बारा आठवडे लोह दिले, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. दुसऱ्या गटाचाही 29 टक्क्यांनी झाला. नुसते कोणी लक्ष दिल्याने आणि काळ गेल्यानेही थकवा बराच ओसरतो, हे या दुसऱ्या आकड्यावरून दिसते. ‘ताकदीच्या’ इंजेक्शनला इतके भक्त का मिळतात, याचे उत्तरही त्यातच आहे.

त्या इंजेक्शनात बहुधा बी12 असते, आणि त्याची कमतरता आपल्याकडे खरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा 441 पुरुषांचे रक्त तपासले. त्यातील 67 टक्क्यांमध्ये बी12 कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. भात-भाजीत ते नसते. म्हणून कमतरता असेल तर बी12 घेतलेच पाहिजे. न तपासता, ज्याला त्याला आणि दर महिन्याला मात्र नव्हे.

सलाईनचा हिशेब तर घरीही मांडता येतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारी ऊर्जा एका भाकरीहूनही कमी. नुसत्या मिठाच्या सलाईनमधून तर काहीच मिळत नाही. उलटी-जुलाबाने पाणी कमी झालेल्याला सलाईन जीवदान ठरते. थकलेल्याला त्यातून मिळतो तो तासभराचा आडवा आराम. अनेक बायांना दिवसाउजेडी तेवढा आराम फक्त दवाखान्याच्या खाटेवरच मिळतो, हे आपण कधी नोंदवत नाही.

कामाचा हा भार मोजता येतो आणि पुणे जिल्ह्यातच तो मोजला गेला आहे. 1993 पासून पाबळ परिसरातील सहा गावांत चाललेल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’त संशोधकांनी सुमारे आठशे गर्भवतींच्या रोजच्या कामांची नोंद केली. शेतकाम, घरकाम, विहिरीवरून पाणी आणणे, सगळे त्यात आले. काम जितके जास्त, तितके बाळाचे जन्मवजन कमी, असे नाते दिसले. आईचा थकवा तिच्यापाशीच थांबत नाही, बाळापर्यंत जातो. त्याला उतारा गोळीत नसून नळाच्या पाण्यात आणि कामाच्या वाटणीत आहे.

आणखी एक वाट अलीकडे पुणेकरांनी जवळून पाहिली. पुण्याहून पानशेतमार्गे वेल्हे तालुक्यात जाणारा रस्ता सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यातून जातो. 2025 च्या सुरुवातीला गिया बारे सिंड्रोमची साथ याच पट्ट्यात पसरली. बहुतेक रुग्ण घरी परतले, चालू लागले आणि बातम्या थांबल्या. पण या आजारात स्नायूंची ताकद परत आल्यावरही थकवा वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो, हे नेदरलँड्समधील अभ्यासांनी पूर्वीच दाखवले आहे. तिथे वीस रुग्णांनी बारा आठवडे देखरेखीखाली सायकलिंग केले, तेव्हा त्यांचा थकवा सुमारे 20 टक्क्यांनी उतरला. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग कशाला झोपून राहतोस?’ असे घरच्यांनी विचारण्याआधी ही गोष्ट माहीत असायला हवी.

कर्करोगातही असेच दिसते. 113 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगात येणाऱ्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसोपचार अधिक उपयोगी ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मग थकलेल्या प्रत्येकाला व्यायाम सांगावा का? इथेच सावध व्हायला हवे. विषाणू संसर्गानंतर काहींना ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हा आजार जडतो. त्याची खूण अशी, की थोडे जास्त श्रम झाले की त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळतो. 2011 मध्ये ब्रिटनमधील 641 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीने या आजारातही पायरीपायरीने व्यायाम वाढवण्याची शिफारस केली. रुग्णांनी आणि काही शास्त्रज्ञांनी तिच्या मोजमापावर वर्षानुवर्षे आक्षेप घेतले. शेवटी ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने ठरावीक वेगाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. कोविडनंतर महिनोन्‌महिने थकलेल्यांपैकी काहींची लक्षणे याच प्रकारची असतात. एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला अपाय.

म्हणून उपचाराआधी विचारपूस हवी. तिला यंत्र लागत नाही. थकवा कधीपासून आहे? झोपेने, विश्रांतीने जातो का? जास्त काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी अधिक कोसळायला होते का? सोबत ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, घटते वजन, पाळीत जास्त रक्तस्राव आहे का? झोप, जेवण, मन आणि घर यांचे कसे चालले आहे? उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा आशाताईला हे दहा मिनिटांत विचारता येईल. शेवटचा प्रश्न मात्र सासू-नवऱ्यासमोर विचारायचा नाही. उत्तरांवरून पुढची दिशा ठरते. खोकला आणि वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी. हिमोग्लोबिन बरे असूनही थकवा असेल तर फेरिटिन, बी12, थायरॉइड, साखर. मन खचले असेल तर ‘टेली-मानस’चा 14416 क्रमांक, घरात मारहाण असेल तर 181. आणि सगळे नीट असून दिवसाचे काम अंगाला झेपेनासे झाले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. तेही निदानच आहे.

अडचण दहा मिनिटांची आहे. गर्दीच्या ओपीडीत गोळी द्यायला अर्धे मिनिट लागते, ऐकून घ्यायला दहा. दुसरी अडचण माहितीची. जिल्ह्यातील नावाजलेले ग्रामीण अभ्यास पाबळ, वढू अशा पूर्वेकडच्या सपाट, कोरडवाहू भागात झाले. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ खोऱ्यांत पाऊस वेगळा, पीक वेगळे. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या माणसांमागे शेत सांभाळणाऱ्या बायांचा दिवसही वेगळा. गोव्यात जमले तसे एका आरोग्य केंद्राच्या हद्दीतले सर्वेक्षण इथेही करता येईल. लावणीआधी एकदा, लावणीनंतर एकदा.

वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव दिले आहे. गडाखालच्या खाचरांत उभी असलेली बाई पुढच्या वेळी ‘त्राण नाही’ म्हणाली, तर लोहाची गोळी हातावर ठेवण्याआधी तिला एवढे तरी विचारले जावे : बाई, कधीपासून?