घराची शैली ठरवण्याआधी आईच्या गुडघ्यांना विचारा

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा घराचा नकाशा घेऊन माझ्याकडे आला. नागपूरच्या बाहेरच्या भागात त्याने एक हजार चौरस फुटांचा पश्चिममुखी प्लॉट घेतला आहे. वीस वर्षांचे कर्ज मंजूर झाले होते. मोबाईलमध्ये चाळीसएक फोटो जमवलेले. पुढून पूर्ण काच, खाली गाडीची जागा, वरच्या मजल्यावर हॉल आणि खोल्या, पीओपीचे छत, त्यात निळे दिवे, आरशासारखी चकाकणारी फरशी. "मावशी, एलिव्हेशन असं पाहिजे की गल्लीत शिरल्याबरोबर नजर तिथंच गेली पाहिजे," तो म्हणाला.

मी तीस वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. त्या नकाशात मला एलिव्हेशनच्या आधी माझी थोरली बहीण दिसली. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात मधुमेह. तिची खोली अठरा पायऱ्यांच्या वर होती. "तुझी आई रविवारी विहारात कशी जाणार रे?" मी विचारले. "गाडीनं नेईन ना मी." "आणि गाडीपर्यंत?" यावर तो गप्प झाला.

वाचकहो, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. आपल्यातली कितीतरी कुटुंबे आज पहिल्यांदाच स्वतःच्या नावावरचे स्लॅबचे घर बांधत आहेत. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांच्या नातवाला आपले घर चारचौघांत उठून दिसावे असे वाटते. यात चूक काहीच नाही. "साधं बांधा" असा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की घर बाहेरून कसे दिसावे हे शेवटी ठरवावे. आत राहणाऱ्या शरीरांना काय हवे, हे आधी.

माझीही एक चूक सांगते. काचेला विरोध करताना मी म्हणून गेले, "आपल्या आजीचं मातीचं घर किती गार असायचं!" बहीण लगेच म्हणाली, "तू लहान होतीस, तुला काय आठवते? खिडकी एक नव्हती. चुलीच्या धुरानं आजीचे डोळे गेले. पावसाळ्यात आम्ही रात्रभर भांडी मांडून बसायचो." तिचे खरे होते. हल्ली 'पारंपरिक शैली' म्हणून वाड्याचा दरवाजा, लाकडी खांब, पितळी कड्या विकत मिळतात. त्या वाड्यांत आपल्या माणसांना प्रवेश नव्हता, हे आपण विसरू नये. वाड्यातला उघडा चौक मात्र शहाणपणाचा होता, त्यातून गरम हवा वर निघून जायची. ते शहाणपण घ्यावे, नक्षी घेतलीच पाहिजे असे नाही.

घर आणि आरोग्य यांचा संबंध मुंबईने फार महाग शिकला. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांकडे तेव्हा सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. पुढे ग्रंथ ठेवायला जागा पुरेना, म्हणून १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. गरज काय आहे ते आधी ठरले आणि घर त्यासाठी उभे राहिले. आपली गरज ग्रंथांची असेल, आजारी आईची असेल, दमा असलेल्या मुलाची असेल. घराची शैली तिथून निघावी.

आता नागपूरच्या उन्हाचे बोलू. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडत नाही. खरा मार पश्चिमेचा. दुपारी दोननंतर मावळेपर्यंत ते ऊन आडवे आत येते, वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथे काच लावली की उष्णता आत शिरते आणि अडकते. मग एसी, मग त्याचे बिल, आणि वीज गेली की भट्टी. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत घ्यावी, खिडक्या लहान ठेवाव्यात, बाहेर उभी जाळी किंवा झाड असावे. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो. तो उन्हाळ्यातले ऊन थांबवतो आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येऊ देतो. वास्तुशास्त्रवाल्याला पैसे देऊन दिशा विचारण्याची गरज नाही. दिशा पाहायचीच, पण ऊन-वाऱ्यासाठी.

स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. वृद्धांना, हृदयरोग्यांना आणि लहान मुलांना उन्हाळ्यात रात्रीचा गारवा न मिळणे धोक्याचे असते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत खूप माणसे गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही झाले. गच्चीवर पांढरा चुना मारणे किंवा पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवणे हे पीओपीच्या छतापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

खिडक्यांचे मापही लक्षात ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश इतकी उघडी जागा हवी. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला विदर्भात किमान १२ आणि कोकणात २० चौरस फूट. खिडकी एकाच भिंतीला असून चालत नाही. समोरासमोर किंवा दोन वेगळ्या भिंतींना उघड असेल तरच वारा खेळतो. क्षयरोगाचे जंतू हवेतून पसरतात आणि बंद, अंधाऱ्या खोलीत जास्त वेळ टिकतात. आपल्या वस्त्यांत क्षयाचे रुग्ण मी किती पाहिले, याची मोजदाद नाही. बाजूची सोडलेली जागा पत्र्याने किंवा स्लॅबने झाकून एक खोली वाढवणारे स्वतःचाच श्वास कोंडतात. खिडक्यांना डासांची जाळी हवीच. एडिस डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणून कूलरची टाकी आणि शोभेच्या कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात.

आता म्हाताऱ्या माणसांचे. तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम असावे. गाडी एक वेळ अंगणात कापडाखाली उभी राहील. जिन्याची पायरी साडेसहा इंचांपेक्षा उंच नको, पाय ठेवायला अकरा इंच जागा आणि कठडा दोन्ही बाजूंना. बाथरूमची फरशी खरखरीत, भिंतीत घट्ट बसवलेला धरायचा दांडा, दार तीन फुटांचे, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची लागली तर अडणार नाही. खुब्याचे हाड मोडून आलेल्या आजीबाई मी वॉर्डात पाहिल्या आहेत. त्यातल्या अनेकजणी बाथरूममध्ये घसरल्या होत्या. त्यानंतर काहीजणी पुन्हा चालल्याच नाहीत.

आतल्या सजावटीत प्लायवुड आणि रंग जपून निवडा. स्वस्त प्लायवुडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघत राहतो. डोळे चुरचुरतात, दम्याच्या मुलाला त्रास होतो. फर्निचर कमी करा. रंगकाम झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जा. शिसे कमी असलेला रंग मागून घ्या. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम लागू आहे. स्वयंपाकघर उघडे ठेवायचे असेल, तर फोडणीचा धूर ओढणारा पंखा आणि खिडकी दोन्ही हवे.

"पण मावशी, लोक म्हणतील, इतकी वर्षं थांबून असंच बांधलं?" भाच्याने शेवटी मनातले विचारले. मी त्याला बांधकामाचा हिशेब काढायला लावला. काचेचा दर्शनी भाग, पीओपी आणि दिव्यांचा खर्च एका बाजूला लिहिला. त्यात पांढरी गच्ची, जाळ्या, खालची खोली आणि बाथरूम होऊन पैसे उरत होते. तो दोन दिवस रुसला. मग बहिणीनेच त्याला सांगितले, "मला वरून रस्ता नको दाखवू. मला रस्त्यावर जाता आलं पाहिजे."

नकाशा बदलला. दर्शनी भिंतीला त्याने विटांची नक्षीदार जाळी घेतली. वारा येतो, ऊन थांबते, आणि गल्लीत शिरल्यावर नजरही तिथेच जाते. जिन्याजवळ काचेची एक उभी पट्टी त्याने हट्टाने ठेवली, आणि मी काही बोलले नाही. घर त्याचे आहे, कर्जही तोच फेडणार आहे. खालची खोली मात्र आईची आहे.

आपल्यापैकी जे यंदा बांधकाम काढणार आहेत, त्यांनी आर्किटेक्टकडे फोटो नेण्याआधी एक कागद घ्यावा. घरातल्या प्रत्येकाचे वय, आजार आणि दिवसातला जास्त वेळ कुठे जातो, ते त्यावर लिहावे. पहिल्या भेटीत तो कागद पुढे ठेवावा. फोटो दुसऱ्या भेटीत दाखवले तरी चालतील.

जय भीम.