मागच्या आसनावरून

लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. तरीही कामावाचून एकत्र घालवलेले दिवस त्या दांपत्याला बोटांवर मोजता आले असते. तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान; सकाळी साडेनऊला शटर वर जाई आणि रात्री गल्ला मोजून झाल्यावरच खाली येई. मुलगा तीन वर्षांपासून दुकानात बसत होता, परंतु खरेदीचा शब्द अजूनही वडिलांचाच होता. त्यावरून घरात चालणारी धुसफूस पत्नी रोज पाहत होती. बोलण्याइतका निवांतपणा मात्र मिळत नव्हता. अखेर लग्नसराईचा पहिला भर ओसरल्यावर, जानेवारीत, दोघे अंदमानला गेले आणि तिथून बोटीने स्वराज द्वीपावर पोहोचले.

हे बेट पूर्वी हॅवलॉक या ब्रिटिश सेनानीच्या नावाने ओळखले जाई. २०१८ च्या डिसेंबरात त्याला हे नाव मिळाले. इथे फिरण्याची सर्वांत सोयीची रीत म्हणजे भाड्याची स्कूटर. सकाळी भाडेवाल्याने परवाना मागितला, तेव्हा पतीच्या ध्यानात आले की त्याच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली आहे. पत्नीने मात्र आपला परवाना वेळेवर नूतन करून घेतला होता. तिने शांतपणे हेल्मेट चढवले. सव्वीस वर्षांत प्रथमच तो मागे बसला.

बाजारातून रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पूर्वेच्या किनाऱ्याने विजयनगरवरून काळा पत्थरकडे जातो, दुसरा बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला. दोघांनी आधी पूर्वेचा रस्ता धरला. उजवीकडे नारळ-सुपारीच्या बागा, डावीकडे झाडांच्या फटींतून दिसणारे निळे-हिरवे पाणी. परंतु पतीचे लक्ष समुद्राकडे नव्हते. ‘‘हॉर्न दे’’, ‘‘हळू घे’’, ‘‘तो खड्डा बघ’’ अशा सूचना चालूच होत्या. वळण आले की तो स्वतःच एका बाजूला झुके आणि स्कूटर डगमगे.

दोनतीनदा असे झाल्यावर पत्नीने गाडी कडेला थांबवली.

‘‘अहो, हँडल माझ्या हातात आहे. तुम्ही मागून हललात की तोल माझा जातो.’’

तो काही बोलला नाही. थोडे थांबून तीच पुढे म्हणाली, ‘‘आपल्या मुलाचेही दुकानात असेच होते.’’

काळा पत्थरच्या काळ्या खडकांपाशी दोघे बराच वेळ बसून राहिले. परतून बाजार ओलांडला आणि सुमारे बारा किलोमीटरचा राधानगरचा रस्ता घेतला. वाटेतल्या गावांत पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या विस्थापितांच्या वंशजांची घरे आहेत. अंगणे स्वच्छ सारवलेली, मागे केळी, पुढे भातखाचरे. ज्यांचे सारे मागे राहिले, त्यांनी इथे जंगलात नव्याने संसार मांडला. या रस्त्यावर मागून एकही सूचना आली नाही.

राधानगरला पोहोचून चारच्या सुमारास दोघांनी बरोबर आणलेल्या दशम्या आणि खाकरे खाऊन घेतले. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नेम इथे घड्याळ पाहून पाळता येत नाही. अंदमान मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे इथला सूर्य तासभर आधी, जानेवारीत साडेपाचच्या आतच मावळतो. पांढऱ्या वाळूवर उभे राहून दोघांनी तो बुडताना पाहिला आणि अंधार दाटण्यापूर्वी बाजार गाठण्यासाठी लगेच निघाले.

बेटावर दिवसभर फोनला धड नेटवर्क नव्हते. बाजारात आल्यावर मुलाचे चार निरोप एकदम उतरले. सुरतेच्या व्यापाऱ्याकडचा नवा माल, नमुन्यांची छायाचित्रे, भाव, आणि शेवटी एक ओळ : ‘पप्पा, उद्यापर्यंत कळवायचे आहे. काय करू?’

पतीने छायाचित्रे उघडली. पहिल्याच नमुन्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. रंग त्याच्या पसंतीचा नव्हता. त्याने पत्नीकडे पाहिले. ती स्कूटरची किल्ली परत देत होती, याच्याकडे तिचे लक्षही नव्हते. त्याने फोन लावला.

‘‘माल तू पाहिला आहेस. तूच ठरव.’’

पलीकडे शांतता पसरली. नेटवर्क गेले, असे त्याला वाटले. मग आवाज आला, ‘‘आणि चुकले तर, पप्पा?’’

‘‘माझेही चुकलेच होते की,’’ तो म्हणाला. ‘‘तेव्हा तुझ्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी किल्ली परत मागितली नव्हती.’’

फोन खिशात ठेवून तो वळला. दोघे चालतच मुक्कामी निघाले. नेहमी चार पावले पुढे असणारा तो त्या संध्याकाळी तिच्या बरोबरीने चालत होता.