डिकीतला डॉल्बी

आमच्या हातकणंगले तालुक्यात डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. लग्न कोणाचंही असो, मिरवणूक कशाचीही असो, ती भिंत रस्त्यानं पुढं सरकते आणि दुतर्फा घरांची तावदानं थरथरतात. ज्या रे डॉल्बी यांचं हे नाव, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि प्रसिद्धी मिळवली ती टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळं. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला देऊन टाकलं. भाषा शिकवणाऱ्याला अशा गमती आवडतात. पण ही गंमत आता आमच्या छोट्या गाड्यांच्या डिकीत शिरली आहे, आणि तिचे पैसे पगारातून जातात.

म्हणून स्पष्ट बोलतो. दहा-पंधरा हजारांत गाडीतला आवाज सुधारायचा असेल, तर दुकानात जो क्रम सांगितला जातो तो उलटा आहे. तो क्रम ऐकणाऱ्याच्या कानासाठी नसून रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे.

माझ्याकडं सेकंडहँड घेतलेली वॅगनआर आहे. शाळा, इचलकरंजीतले नातेवाईक, महिन्यातून एकदोनदा कोल्हापूर, एवढीच तिची धाव. बजेट १५,००० रुपये, त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही. एका दुकानात गेलो तर यादी तयारच होती: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, डिकीत बारा इंची बेसट्यूब आणि मागच्या ट्रेला भोकं पाडून सहा-नऊचे ओव्हल. बेरीज १४,८००. मी विचारलं, पुढच्या दारातल्या स्पीकरचं काय? "ते ऱ्हाऊ द्या की सर. बेस बघा कसला हाय!"

आता जरा विचार करा. गाडी चालवणारा पुढं बसतो. त्याचे कान पुढं. बायको, वडील, जे कोणी शेजारी असेल तेही पुढं. आणि आवाजाचा सगळा पैसा त्यांच्या पाठीमागं. मुशायऱ्यात शायराला मांडवाच्या मागं उभं करून रसिकांना मंचाकडं तोंड करून बसवलं, तर आपण हसू की नाही? गाडीत मात्र आपण हेच विकत घेतो.

दुसरी गोष्ट वॉटची. टेपच्या खोक्यावर ४ × ५० वॉट छापलेलं असतं. बेसट्यूबवर सरळ १२०० वॉट. हे आकडे तपासायला इंजिनिअर लागत नाही, माध्यमिक शाळेतलं विज्ञान पुरतं. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. माझ्या टेपच्या मागं १० अँपिअरचा फ्यूज आहे. म्हणजे तो टेप सलग जास्तीत जास्त १४० वॉट ओढू शकतो, त्यातही बराच भाग उष्णता होऊन जातो. मग चार स्पीकरना मिळून २०० वॉट येणार कुठून? प्रत्यक्षात एका स्पीकरच्या वाट्याला १५ ते २० प्रामाणिक वॉट येतात. बेसट्यूबचे १२०० वॉट खरे असते, तर तिला ८५ अँपिअरहून जास्त करंट लागला असता. छोट्या गाडीचा अल्टरनेटर इंजिन, दिवे, पंखा सांभाळून एवढा करंट देऊच शकत नाही. आणि दुकानदार तिला वायर जोडतो ती करंगळीपेक्षाही बारीक, फ्यूज २० अँपिअरचा. २० गुणिले १४ म्हणजे २८०. बाकीचे वॉट फक्त स्टिकरवर.

खोक्यावर "मॅक्स" किंवा "पीक" लिहिलेला आकडा म्हणजे क्षणभराची उडी. सलग किती ताकद मिळते ते "आरएमएस" या अक्षरांपुढं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, बारीक टाइपात. जिथं आरएमएसचा आकडाच छापलेला नाही, ती वस्तू खाली ठेवा. शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटावं तर दहापट वॉट लागतात. याउलट, ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९१ चा निवडला तर तेच ३ डेसिबल फुकटात मिळतात, अँप्लिफायर न घेता. हा आकडाही खोक्यावर असतो. पण तो कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही, कारण त्याला भाव चढवता येत नाही.

आता मी माझ्या विषयावर येतो, म्हणजे भाषेवर. बोलण्यातली ताकद स्वरांत असते, अर्थ मात्र व्यंजनांत. आ, ओ, ऊ हे जाडजूड, खालच्या पट्टीतले आवाज, ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतात. स, श, फ, त, थ हे बारीक, वरच्या पट्टीतले. घास आणि घात यांत फरक करणारा आवाज एवढासा असतो. उर्दूत तर राज आणि राज़ यांतलं अंतर एका नुक्त्याचं. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा धर्म आहे. डिकीत ट्यूब घुमायला लागली की कव्वालीतला ठेका राहतो आणि कलाम जातो. कीर्तन असेल तर मृदंग राहतो आणि अभंग जातो. बातम्या, व्याख्यानं, गझल, यूट्यूबवरचे पाठ, गाडीत आपण जे काही ऐकतो त्यातलं निम्म्याहून जास्त हे बोलणं असतं. ते न कळण्यासाठी आपण १४,८०० रुपये मोजतो.

हा मुद्दा मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या वालिदांची उमर इचलकरंजीत यंत्रमागावर गेली. रोज पाळीभर धोट्याचा खटखटाट. मागाच्या कामगाराला घरात सगळे ओरडून बोलतात, आणि बाहेरच्यांना वाटतं या घरात सारखं भांडण चालतं. गोंगाटानं जाणारा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे नेमका व्यंजनांच्या गल्लीत. अब्बा गाडीत शेजारी बसतात. मी आवाज वाढवला की म्हणतात, "आवाज आता, लफ्ज समजते नै." आवाज वाढवणं हा त्यांच्यावरचा इलाज नाही. आवाज साफ असणं हा आहे, आणि तो स्पीकर त्यांच्यासमोर असायला हवा.

मागावर कान गेले ते पोटासाठी. आमची पोरं तेच हौसेनं करून घेत आहेत, वर पैसे देऊन. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. काचा बंद केलेल्या छोट्या गाडीत ट्यूब लावून शंभरी गाठणं अवघड नाही. हातकणंगल्याहून कोल्हापूरला पोचायला पंधरा मिनिटांहून जास्तच लागतात.

मग बेस नकोच का? हवा की. तबल्याचा डग्गा ऐकू आला नाही तर कसली कव्वाली! पण तो बहुतेक गाड्यांत आधीपासूनच असतो आणि दारात सांडून जातो. स्पीकरचा पडदा पुढं-मागं हलतो. पुढून निघणारा आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या विरुद्ध असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. मागचा आवाज त्यांतून बाहेर येऊन पुढच्याला भेटतो आणि खालच्या पट्टीत दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो पातळ आवाज आणि पत्र्याची खडखड. त्या भोकांवर आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली, स्पीकरखाली घट्ट रिंग बसवली की तोच स्पीकर वेगळा वाजतो. एक सांभाळायचं: दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती बुजवू द्यायची नाहीत. आपल्याकडच्या पावसात दार आतून कुजेल. दुकानदार हे काम टाळतो, कारण दार उघडून घामाघूम व्हावं लागतं आणि चकचकीत असं काही दाखवता येत नाही.

माझा हिशेब असा आहे. पुढच्या दोन दारांसाठी कंपोनंट सेट, म्हणजे दारात मोठा स्पीकर आणि डॅशबोर्डजवळ वेगळा ट्वीटर, ५,००० च्या आसपास. व्यंजनं त्या ट्वीटरमधून येतात, म्हणून तो गुडघ्यापाशी नको, कानाच्या दिशेनं वर हवा. डॅम्पिंग शीट, रिंग आणि गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारे कपलर, ३,०००. मजुरी १,०००. एकूण ९,०००. जुना टेप तसाच ठेवायचा. त्याला ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे आणि मीडियम वेव्हवर आकाशवाणी सांगली लागते, जी अनेक स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनवर लागतच नाही. उरलेले ६,००० बाजूला. सहा महिने ऐकून कमी वाटलं तर सीटखाली मावणारा छोटा वूफर किंवा खऱ्या आरएमएसचा चार चॅनेलचा अँप्लिफायर. नाही वाटलं तर त्यात टायर येईल.

कपलरवर मी अडून बसतो, त्याचं कारण आहे. गाडीच्या मूळ वायरी कापून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड म्हणजे उन्हाळ्यातला धोका. आणि कधी अँप्लिफायर लावलाच तर बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर फ्यूज बॅटरीजवळच हवा, अर्ध्या मीटरच्या आत. वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर अँप्लिफायरजवळचा फ्यूज काही वाचवत नाही, आग त्याच्या अलीकडंच लागते. शिवाय वायर तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, ते टोक खरवडून बघावं. खरवडल्यावर पांढरं दिसलं तर तांब्याचा भाव द्यायचा नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला खरा वाटतो. उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर हाकणारा पोरगा म्हणतो, सर, दणका नसला तर झोप लागते. त्याच्या झोपेची, त्याच्या मजुरीची मला कल्पना आहे, त्याच्यावर हसण्याचा हक्क मला नाही. पण दोन ट्रॉल्या मागं असताना ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न आणि मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन त्याला ऐकू येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्राची तरतूद आहे, तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. माझ्या वर्गाच्या खिडकीखालून नोव्हेंबर ते मार्च जे जातं ते ऐकून मी वाक्याच्या मध्ये थांबतो, मुलंही थांबतात, आणि ते गेल्यावर कर्ता सापडतो पण क्रियापद हरवलेलं असतं. झोपेवर उपाय पाळीचे तास कमी करणं हा आहे, आणि तो कारखानदार व ठेकेदारांकडं मागायचा आहे. तो महाग पडतो म्हणून पोराच्या हातात वूफर दिला जातो.

ज्यांच्याकडं १५,००० सोडा, १,५०० पण नाहीत, त्यांनी निदान हे करावं. टेपमधलं "लाउडनेस" बंद करा, बेस शून्यावर आणा, फेडर पुढं ढकला. मग एखादं भाषण लावा. बोलणाऱ्याचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध यायला हवा. तो विस्कटलेला, कुठूनही येतोय असा वाटला, तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडल्या असण्याची शक्यता मोठी. त्या अदलाबदल करा. असं उलट जोडलेलं काम मी ओळखीच्या तीन गाड्यांत पाहिलं आहे, तिन्ही मालकांना बेस कमी येतो म्हणून ट्यूब घ्यायला सांगितलं होतं.

आणि दुकानात जाताना स्वतःचा आवाज घेऊन जा. दुकानदाराचं गाणं नको, ते त्या ट्यूबसाठीच निवडलेलं असतं. मोबाइलवर घरातल्या कुणाचं तरी दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा, शक्यतो म्हाताऱ्या माणसाचं, दात पडलेल्या तोंडाचं. ते प्रत्येक स्पीकरवर लावायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. मी अब्बांचं रेकॉर्डिंग नेलं होतं. चारपैकी दोन स्पीकरवर ते काय म्हणतात ते मलाच कळेना. तिसरा सगळ्यात स्वस्त होता. त्यावर त्यांचा श्वासही ऐकू आला.