दहा मिनिटांची गार

जालना जिल्ह्यात मोठी गारपीट होते ती बहुधा माघ-फाल्गुनात, रब्बी घरात यायच्या तोंडावर. या दिवसांत उत्तरेकडून आलेली कोरडी, थंड हवा आणि समुद्रावरून आलेली दमट हवा मराठवाड्यावर एकमेकींना भिडतात. दमट हवा झपाट्याने वर चढते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. त्यात थेंब गोठतात, वर जाणाऱ्या झोतावर झेलले जातात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढत राहतात. झोताला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. कापून पाहिली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ऐन पावसाळ्यात हवा उंचावरही उबदार असते, म्हणून त्या दिवसांतली गार बहुतेकदा वाटेतच वितळते.

पडलेल्या गारेचा बर्फ तासाभरात वितळतो. त्याचा घाव मात्र राहतो.

गार कशी पडते याइतकेच ती कुठे पडते हे महत्त्वाचे. तिचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात बोराएवढी गार आणि ओढ्यापलीकडे नुसती सर, असे घडते. गावाकडे गारेचे मापही असेच असते: हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. सुपारीएवढी पडली की गहू लोळतो आणि वाळलेले घाटे फुटून हरभरा मातीत सांडतो. काढून ठेवलेली शाळू ज्वारी भिजून काळी पडते. तिचा कडबाही कुजतो, आणि वैरणीची ही तूट उन्हाळ्यात दावणीला जाणवते.

फेब्रुवारी-मार्च 2014 मधली गारपीट या जिल्ह्याच्या आठवणीतून जाणार नाही. राज्यातले 28 जिल्हे सुमारे पंधरवडाभर झोडपले गेले. जालन्यासाठी तिची वेळ विशेष क्रूर होती. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा हजारोंनी वाळल्या होत्या; ज्या तगल्या त्या टँकरच्या विकतच्या पाण्यावर. त्या तगलेल्या बागा नुकत्या सावरत होत्या. सरकारने जिरायतीला हेक्टरी 10 हजार, बागायतीला 15 हजार आणि फळबागांना 25 हजार रुपये जाहीर केले, तेही लोकसभेची आचारसंहिता लागू असताना.

त्यानंतरची एक मोठी गारपीट 11 फेब्रुवारी 2018 ची, रविवारी सकाळची. जालना आणि जाफराबाद तालुक्यांत एकेक वृद्ध दगावला. गार माणूस मारते हे शहरात पटत नाही. 30 एप्रिल 1888 रोजी मुरादाबादेत तिने 246 जणांचा जीव घेतला होता. आडोसा नसलेल्या शेतात डोक्यावर पालथे घमेले हाच काय तो आधार. मेंढपाळाच्या कळपाला तेवढाही नसतो.

मोसंबीचे नुकसान एका हंगामात मोजून संपत नाही. आंबिया बहाराची फुले आणि नुकती धरलेली फळे याच दिवसांत झाडावर असतात, ती गळतात. बागवानाने उभ्या बागेचा सौदा करून इसार दिला असेल तर तोही सौदा मोडतो. याहून वाईट म्हणजे गारेने साल फुटते. त्या जखमांतून बुरशी शिरते आणि फांद्या वाळत जातात. झाड उभे दिसते, पण पुढचे बहार कमी येतात. नवी लागवड करावी तर फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. कडवंची परिसरातल्या द्राक्षांचा हिशेब जास्त झटपट लागतो: ऐन काढणीला घडातला मणी तडकला की तो सडतो आणि शेजारचे चांगले मणीही नासवतो.

बातम्यांत बाग दिसते, शेडनेट फारसे दिसत नाही. जाफराबाद-भोकरदन भागात शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बियाणे तयार होते. एकेका फुलावर हाताने पराग लावण्याचे हे काम प्रामुख्याने बायका करतात. जाळी फाटून झाडे झोपली की मालकाचे पीक जाते, तशीच या बायकांची त्या हंगामाची मजुरीही जाते. मालकाच्या नावावर सातबारा असतो, म्हणून त्याचा पंचनामा होतो. मजुरीचा पंचनामा कुणी करत नाही.

पंचनाम्याला तलाठी (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. मदतीसाठी पूर्वी निम्म्याहून अधिक नुकसान दाखवावे लागे. 2015 पासून ही अट 33 टक्क्यांवर आली. सुधारणा खरी, पण टक्केवारी त्या दिवशी दिसणाऱ्या पिकाची असते. दोन वर्षांनी वाळणारी फांदी तिच्यात बसत नाही. महसूल मंडळातले हवामान केंद्र पाऊस आणि तापमान नोंदवते. चार किलोमीटरवर पडलेली गार त्याला कळतही नाही. म्हणूनच फळपीक विम्यात गारपिटीचे नुकसान शेतकऱ्याने स्वतः कळवायचे असते.

हे कळवण्याची मुदत 72 तासांची आहे. गार वितळण्याआधी शेताचे फोटो काढावेत, विमा कंपनीला किंवा कृषी कार्यालयाला कळवून नोंदणीचा क्रमांक जपून ठेवावा. मोसंबीच्या मोडक्या फांद्या करवतीने साफ कापून त्या जखमांना त्याच आठवड्यात बोर्डो पेस्ट लावावी.