पीएलमधला डेंग्यू

नाशिकमध्ये डेंग्यूचा आणि दिवाळीचा हंगाम एकच. पाऊस ओसरतो, गच्चीवरच्या टायरात आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचून राहतं, आणि नवरात्रापासून गल्लीगल्लीत कुणाच्या प्लेटलेट किती यावर गप्पा सुरू होतात. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध आणि किवी. या शहरात किवी हे फळ नसून औषध आहे. एरवी त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

याच दिवसांत अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार कंपनीच्या दिवाळीच्या सुट्टीला पुढेमागे चार-सहा पीएल, म्हणजे हक्काच्या पगारी रजा, जोडतो आणि सटाणा, कळवण, देवळा, मालेगावकडे गावी निघतो. म्हणजे त्याची वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी आणि डासांचा सगळ्यात चांगला धंदा एकाच पंधरवड्यात येतात.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत एक जण राहतो. अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, मूळचा सटाण्याकडचा. तीनेक वर्षांपूर्वी त्याने भाऊबीजेनंतरच्या सहा पीएल टाकल्या होत्या. मका उभा होता, मजूर मिळत नव्हता, वडिलांना एकट्याने होत नव्हतं. गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप भरला. मका तसाच राहिला आणि हा सटाण्यात एका दवाखान्यात सलाईनवर. सहाच्या सहा पीएल पलंगावर गेल्या, वर अशक्तपणाचे चार दिवस बिनपगारी. परत आल्यावर त्याने टाइम ऑफिसात सरळ विचारलं, ‘साहेब, या सुट्टीच्या जागी सिक लावा आणि माझ्या पीएल परत द्या. मी सुट्टीवर नव्हतोच, दवाखान्यात होतो.’ टाइम ऑफिसचा माणूस वाईट नव्हता. तो हसला आणि म्हणाला, ‘भाऊ, तू तुझ्याच वेळेत आजारी पडलास ना? मग कंपनीचा काय संबंध?’

हा किस्सा गल्लीत बरेच दिवस विनोद म्हणून फिरला. ‘पीएल परत मागतोय!’ मीही हसलो असेन. पण त्याच्या मागणीत हसण्यासारखं काही नव्हतं. जगातल्या बऱ्याच देशांत तो हक्क आहे, आणि तो मिळवून देणाऱ्यांत माद्रिदच्या एका ड्रायव्हरचं नाव घ्यावं लागतं.

फ्रान्सिस्को विसेंते पेरेदा त्याचं नाव. माद्रिद मोविलिदाद या कंपनीत तो होता, आणि कंपनीचं काम रस्त्यात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलून नेण्याचं. (आपल्याकडे नाशिकच्या शालिमार भागात या कामावरच्या माणसांना लोक काय काय बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. तिकडे त्यातल्या एकाने अख्ख्या युरोपचं भलं केलं.) 2007 साली त्याची वार्षिक रजा 16 जुलै ते 14 ऑगस्ट अशी ठरली होती. 3 जुलैला कामावर अपघात झाला आणि 13 ऑगस्टपर्यंत तो कामाला अपात्र राहिला. रजा जवळजवळ सगळी दुखण्यात गेली. सप्टेंबरात त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नवी रजा मागितली, कंपनीने नाकारली, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं. 10 सप्टेंबर 2009 ला निकाल लागला: वार्षिक रजा विश्रांतीसाठी आणि मोकळ्या वेळेसाठी असते, आजारपणाची रजा बरं होण्यासाठी. एकीच्या पोटात दुसरी घालता येणार नाही. पुढे 2012 मध्ये स्पेनच्याच मोठ्या दुकानांच्या प्रकरणात न्यायालयाने उरलेली फटही बुजवली. आजार रजेच्या आधी सुरू झाला की रजा चालू असताना, याने फरक पडत नाही, दिवस परत मिळाले पाहिजेत. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने बरीच वर्षं याला दाद दिली नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये त्यानेही मान्य केलं. डेन्मार्कने मधली वाट काढली आहे. सुट्टीतल्या आजाराचे पहिले पाच दिवस तुमचे, सहाव्यापासून भरपाई.

जर्मनीत तर हे 1963 च्या रजा कायद्यातच आहे. ते मला कायद्याच्या पुस्तकातून नाही, भाच्याकडून कळलं. तो श्टुटगार्टकडे नोकरीला आहे. एकदा सुट्टीवर नाशिकला आला आणि पोटाच्या विकाराने आडवा झाला. ताप, जुलाब, सगळं साग्रसंगीत. आम्ही ओआरएस कालवत होतो आणि हा पडल्या पडल्या ऑफिसला मेल करत होता. मी म्हटलं, ‘अरे, सुट्टीवर आहेस ना? मग कुणाला कळवतोस?’ तर म्हणाला, ‘मामा, कळवलं नाही तर दिवस परत मिळणार नाहीत.’ कुठल्या पत्त्यावर आहे, किती दिवस लागतील, हे ताबडतोब कळवायचं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र पाठवायचं. कॉलेज रोडच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. तेवढ्यावर त्याचे दिवस खात्यात परत जमा झाले. पाणी नाशिकचंच, जंतू नाशिकचेच, डॉक्टरही नाशिकचा. फक्त मस्टर दुसऱ्या देशात होतं.

मग आपल्याकडे काय आहे? मला वाटायचं आपला कायदा या बाबतीत गप्प असेल. तो गप्प नव्हता. त्याने उलटं सांगून ठेवलं होतं.

सातपूर-अंबड वसलं आणि वाढलं ते 1948 च्या कारखाने कायद्यावर. त्याच्या कलम 79 प्रमाणे वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. 300 दिवस भरले तर पंधरा. रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणारी आठवडी सुट्टी त्यात मोजायची नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे रजेत रविवार आला तर तो रजा खात नाही. पण रजेत ताप आला तर? त्याबद्दलचं पोटकलम असं: एरवी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे, मात्र आजारपण भागवण्यासाठी कामगाराला ही रजा वापरायची असेल, तर अर्जाची मुदत पाळलेली नसली तरी ती द्यावी.

हे पोटकलम कामगाराच्या भल्यासाठीच घातलं होतं, यात शंका नाही. त्या काळी ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, कायदा नवा होता, रुग्णालयं व्हायची होती. घरात आजारी पडलेल्या माणसाचा निदान पगार तरी बुडू नये, एवढीच कळकळ त्यात दिसते. पण परिणाम असा की विश्रांतीची रजा ही आपल्याकडे पहिल्यापासूनच आजाराची तिजोरी झाली. युरोपात आजार आला की रजा परत येते. इथे आजार आला की रजा जाते, आणि कायद्यानेच तिला दार उघडून दिलं.

ईएसआयचं तर आणखी सरळ आहे. कामगार आजारी असेल तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. पहिले दोन दिवस सोडून. पण त्याच कायद्याच्या कलम 63 ने अट घातली होती: ज्या दिवशी तुम्ही पगारी रजेवर किंवा पगारी सुट्टीवर आहात, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही. विम्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, एका दिवसाचे दोनदा पैसे कशाला? माझी तक्रार पैशांची नाहीच. तो दिवस कुठल्या खात्यात पडला, ही आहे. माझ्या शेजाऱ्याने गावी जाण्याऐवजी सिडकोतच राहून, ड्यूटीच्या दिवसांत ताप काढला असता, तर त्र्यंबक रोडवरच्या कामगार विमा रुग्णालयातून सर्टिफिकेट घेतलं असतं, 70 टक्के मिळाले असते आणि सहा पीएल शाबूत राहिल्या असत्या. आजार तोच. त्याची चूक एवढीच की तो मका कापायला गेला.

मेन रोडवरच्या कापड दुकानातल्या मुलांची गोष्ट वेगळी नाही. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यात आठ नैमित्तिक रजा आहेत, वीस दिवसांमागे एक वार्षिक रजा आहे, ती 45 पर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही.

सगळ्यांत बरी सोय, अपेक्षेप्रमाणे, सरकारी नोकराची. केंद्राच्या 1972 च्या रजा नियमांत घेऊन झालेली रजा मागाहून दुसऱ्या प्रकारच्या रजेत बदलून मागता येते. अर्जित रजेवर गेलात, आजारी पडलात, तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ते दिवस परिवर्तित रजेत टाका म्हणून अर्ज करायचा. कामावर रुजू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत. परिवर्तित रजेच्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस कापले जातात, पण अर्जित रजा वाचते. आणि ती वाचवण्यासारखी असते, कारण 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात. हक्क म्हणून मात्र हे मागता येत नाही, असंही त्याच नियमात आहे. साहेबांची मर्जी. तरी पेरेदाच्या जवळात जवळ जाणारा आपला नियम हाच.

मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण त्यातले काही माझे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, असा नियम केला तर दिवाळीनंतर अर्धी कंपनी कागदोपत्री आजारी पडेल. सर्टिफिकेट काय, कुठेही मिळतं. हे खोटं नाही. कुठला डॉक्टर न तपासता लिहून देतो हे प्रत्येक गल्लीला ठाऊक असतं. पण मला नेहमी वाटतं, की खऱ्या आजाराला जिथे सरळ दार नसतं तिथेच खोट्या कागदाची खिडकी चालते. माझ्या शेजाऱ्याकडे सटाण्याच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड होतं, रक्ताचे रिपोर्ट होते, रोजच्या प्लेटलेटचे आकडे होते. तेवढा पुरावा तर अर्ध्या कोर्टकज्ज्यांत नसतो.

शिवाय दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त बोचते. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनी रजेचा हेतू विश्रांती सांगितला. आमच्याकडे कुणाची पीएल विश्रांतीत जाते? बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, कांद्याची लागण, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची अ‍ॅडमिशन. उरलेली ‘दुखण्याखुपण्याला असू दे’ म्हणून राखून ठेवायची, आणि दुखणं आलंच नाही तर पैसे घ्यायचे. सप्तशृंगीला जाऊन येणं हीच काय ती सहल, तीही बहुधा आठवडी सुट्टीला. ज्याने आयुष्यात रजा विश्रांतीसाठी घेतलीच नाही, त्याला ‘तुझी विश्रांती हुकली, ती परत घे’ हे सांगणं चमत्कारिक वाटणारच. म्हणून गल्ली हसली.

हे सगळं मी एका ओळखीच्या युनियनवाल्याला सांगितलं. त्याची हयात वेतनकरारांत गेली आहे. कायदा बदलायला वेळ लागेल, पण करारात तर एक कलम घालता येईल की नाही? पगारी रजेत रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ते दिवस आजारपणात धरावेत आणि रजा खात्यात परत करावी. फक्त दाखल झालेलेच दिवस, म्हणजे सर्टिफिकेटचा वाद नको. तो म्हणाला, ‘दादा, घालू. पण तुम्हाला करार माहितीये. पहिली आठ पानं पगारवाढीची, मग इन्सेंटिव्ह, मग कँटीन. रजेपर्यंत येईस्तोवर सगळे सहीचं पेन शोधत असतात.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘आणि हे कलम लागणार कुणाला? परमनंट राहिलेत किती?’

त्याचं खरं आहे. अंबडच्या गेटवर सकाळी पहिल्या पाळीला जी रांग लागते, त्यात ठेकेदाराची आणि सात महिन्यांच्या टेम्पररीची पोरं भरपूर. कारखाने कायद्याच्या व्याख्येत ठेकेदाराचा माणूसही कामगारच होता, रजा त्यालाही लागू होती. पण 240 दिवस भरायच्या आत ब्रेक मिळायचा. निघताना भरलेल्या दिवसांच्या प्रमाणात रजेचे पैसे द्यावेत असं कायदा म्हणत होता, आणि काही ठेकेदार देतही. रजा मात्र नाही. त्याला डेंग्यू झाला तर दिवाळीत काय आणि श्रावणात काय, खाडाच.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. तिच्यात रजेसाठी 240 ऐवजी 180 दिवस पुरेत. मी कॅलेंडर घेऊन बसलो. सात महिन्यांतले आठवडी सुट्टीचे दिवस वगळले, तर कामाचे दिवस एकशे ऐंशीच्या अगदी काठावर येतात. युनियनवाल्याला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, ठेकेदारांनी हा हिशेब तुमच्या आधीच करून ठेवला असणार. आता ब्रेक सातव्या महिन्यात देतात की सहाव्या, तेवढं बघू.