जहाजावर समुद्र कुठाय?

या वीकेंडला खरं तर वेगळ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेले दोन आठवडे एक गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसलीय, ती आधी बाहेर काढतो. लेख थोडा तिरसट होणार आहे, सांभाळून घ्या.

झालं असं, की आई-बाबा सध्या इकडे अमेरिकेत आलेत. नायगारा, ग्रँड कॅन्यन वगैरे ठरलेली तीर्थक्षेत्रं करून झाली, मग म्हटलं एक क्रूझ करूया. फ्लोरिडातून सुटणारी, चार रात्रींची, बोट अगदी नवी कोरी. (बोटीचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. माझं भांडण एका बोटीशी नाहीच्चे.) बाबा एरवी कुठल्याही ट्रिपला "तुम्ही जाऊन या" म्हणणारे, पण 'बोट' म्हटल्यावर स्वारी खुलली. लहानपणी ते मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं विजयदुर्गला जायचे. डेकवर वळकटी पसरायची, रात्रभर वारा खायचा, ज्यांना बोट लागलीय त्यांच्यापासून लांब सरकायचं आणि बंदर आलं की पडावात उतरून किनारा गाठायचा. ही गोष्ट मी किमान शंभर वेळा ऐकलीय.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रोज चाळीस मिनिटं चालणं, नो एक्स्क्यूज. त्यांनी जाहीर केलं, "रोज सकाळी बोटीला प्रदक्षिणा घालणार."

पहिल्या दिवशी सहाला आम्ही दोघं बाहेर पडलो. लाईफबोटी टांगलेल्या असतात त्या डेकवर गेलो. शंभरेक पावलं चाललो आणि समोर बंद दार. मागे फिरलो, दुसऱ्या टोकाला एका रेस्टॉरंटची टेबलं आणि पुन्हा दार. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला गेलो तर तिथे फाटक, महागड्या स्वीटवाल्यांचं कार्ड असेल तरच उघडणार. सगळ्यात वर जॉगिंग ट्रॅक सापडला. पण तो जातो वॉटरस्लाईडच्या खांबांमधून, पूलच्या डोक्यावरून, आणि समुद्राच्या बाजूला माझ्या डोक्याच्याही वर जाणारी काळपट काच. साडेसातला ट्रॅकच्या कडेला खुर्च्या मांडायला सुरुवात झाली, मग ढँग ढँग गाणी. संपली प्रदक्षिणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर बाबा खोलीत नाहीत. शोधायला बाहेर आलो तर ते केबिनच्या कॉरिडॉरमध्ये चालत होते. दोन्ही बाजूंना दारं, खाली गालिचा, वर दिवे, खिडकी एकही नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चारी बाजूंना अथांग समुद्र, आणि हा माणूस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात तशा फेऱ्या मारतोय. मला म्हणाले, "अकरावी चालू आहे."

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार वाईट वाटलं. पैसे मी भरले होते, बोट मी निवडली होती.

आईचं मत वेगळं आहे हे आधीच नोंदवून ठेवतो. तिला बोट प्रचंड आवडली. "अहो, तुम्हाला जिथे तिथे विजयदुर्गच हवा असतो," असं तिनं बाबांना सुनावलं. मलाही आधी तेच वाटलं, की हा जुन्या आठवणींचा खेळ आहे. पण घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, बाबा एकटे नाहीत. गेली दहा-बारा वर्षं नव्या बोटींवर जाऊन आलेले कितीतरी लोक, तेही वर्षातून दोन-दोनदा क्रूझ करणारे, हेच ओरडतायत.

उदाहरणं देतो. २०१३ साली प्रिन्सेस कंपनीची 'रॉयल प्रिन्सेस' आली. या कंपनीच्या आधीच्या बऱ्याच जहाजांवर बाहेरून पूर्ण फेरी मारता येईल असा प्रोमेनाड डेक होता. नव्या बोटीवर ती फेरीच नाही, नुसते तुकडे उरले. त्या बदल्यात काय मिळालं? 'सीवॉक'. म्हणजे जहाजाच्या कडेपासून २८ फूट बाहेर आलेला, काचेच्या तळाचा पूल, पाण्यापासून १२८ फूट उंच. जुने प्रवासी भयंकर चिडले. रोज चालायची जागा काढून घ्यायची आणि एकदा फोटो काढायची जागा द्यायची, हा सौदा त्यांना पटला नाही. मलाही पटत नाही.

२०१८ साली 'सेलेब्रिटी एज'नं बाल्कनीलाच हात घातला. तिथे बाहेरची बाल्कनी खोलीत ओढून घेतली आणि कडेला मोठी खिडकी बसवली. बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली येतो. खिडकी उघडली की एसी बंद, आणि हवा खराब असेल तर ब्रिजवरून सगळ्या खिडक्या लॉक. काही लोकांना खोली मोठी झाली म्हणून आवडलं, काहींनी विचारलं, "मग बाहेर कुठे बसायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उघडी खिडकी म्हणजे बाल्कनी नव्हे. मुंबईत गॅलऱ्या बंद करून घेणाऱ्या पिढ्यांना हे मी वेगळं सांगायला नको :-)

आणि आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, २०२२ ची 'नॉर्वेजियन प्रीमा'. सुमारे ३,१०० प्रवाशांच्या बोटीवर मुख्य पूल एवढासा, पूल डेक चिंचोळा, आणि माथ्यावरची मोक्याची जागा कशाला? तीन मजली गो-कार्ट ट्रॅकला! ४२० मीटर लांब, आणि त्यात बसायचे पैसे वेगळे. लोक अक्षरशः संतापले. पहाटे उठून टॉवेल टाकून खुर्च्या अडवायच्या, हा क्रूझवरचा जुना रोग आहे. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तस्साच. कंपन्या यावर नियमांच्या पाट्या लावतात. अरे पण रुमाल पडतो तो सीट कमी असतात म्हणून ना? हा शिस्तीचा प्रश्न नाही, कपॅसिटी प्लॅनिंगचा आहे.

गंमत पुढेच आहे. हीच 'प्रीमा' विकताना कंपनी सांगत होती, की आमच्या वर्गातल्या नव्या बोटींमध्ये माणशी जागा सगळ्यात जास्त आमच्याकडे! आणि ते खोटंही नव्हतं. मग गर्दी कशी?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. क्रूझवाले जो 'स्पेस रेशो' सांगतात तो म्हणजे ग्रॉस टनेज भागिले प्रवासी. 'प्रीमा'चं टनेज साधारण १,४३,५००, म्हणजे रेशो ४६ च्या आसपास. आता ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते जहाजातल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढतात. बं-दि-स्त! भिंती आणि छप्पर असलेली जागा धरतात, उघडा डेक त्यात मोजलाच जात नाही. बाबा जिथे चालणार होते ती जागा, लोक जिथे खुर्ची शोधत हिंडतात ती जागा, कठड्याला रेलून वारा खायची जागा, या सगळ्याची त्या आकड्यातली किंमत जवळपास शून्य. उद्या तुम्ही अर्धा डेक काचेत बंद करून तिथे बार काढलात तर उघडी जागा घटेल आणि स्पेस रेशो वाढेल!

आमच्या धंद्यात हे रोज बघतो. मॅनेजर एक मेट्रिक पकडतो, टीम ते हिरवं करते, आणि युजर बोंबलत असतो की बाबांनो, जुन्या व्हर्जनमध्ये जे चालत होतं ते तुम्ही मोडलंत. त्याला आम्ही रिग्रेशन म्हणतो. त्यावर "पण नवीन फीचर किती छान आहे बघा" हे उत्तर होऊ शकत नाही.

आता नेहमीचे तीन बचाव.

पहिला: "लहान मुलांना स्लाईड लागतात, तुम्हाला काय त्रास?" काही त्रास नाही. स्लाईड असू द्या, मीच दोनदा घसरलोय. पण मुलांना पूलही लागतो की! मुख्य पूल हौदाएवढा करून मुलांचा कैवार घेऊ नका.

दुसरा: "तिकीट स्वस्त पाहिजे तर असंच होणार." हा खरा मुद्दा आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या हिशोबात उत्पन्नाच्या दोन ओळी असतात, एक तिकिटाची आणि एक बोटीवर होणाऱ्या बाकी खर्चाची. नॉर्वेजियनच्या मूळ कंपनीच्या २०२३ च्या आकड्यांत दुसऱ्या ओळीचा वाटा एकूण उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश होता. कठड्याला रेलून समुद्र बघणारा माणूस या दुसऱ्या ओळीत काहीही टाकत नाही. म्हणून कठडा जातो आणि बार येतो, काबाना येतात, पास काढून जायचे बीच क्लब येतात. मला हे गणित कळतं. पण मग सरळ तसं सांगा ना! 'समुद्राशी नवं नातं' कसलं डोंबलाचं?

तिसरा, आणि सगळ्यात संतापजनक: "एवढी आवड आहे तर बाल्कनीवाली खोली घ्या." म्हणजे चौपाटीवर इमारत बांधायची आणि विचारणाऱ्याला सांगायचं, समुद्र बघायचाय तर फ्लॅट घ्या. ज्यांनी सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची खोली घेतली त्यांच्यासाठी उघडा डेक हीच एकमेव खिडकी असते. पुण्या-मुंबईत बिल्डर सोसायटीची गच्ची वरच्या मजल्यावाल्याला परस्पर विकतो तेव्हा आपण भांडतो, कारण गच्ची सगळ्यांची असते. जहाजावर नेमकं हेच चाललंय. पुढचा कोपरा स्वीटवाल्यांचा, मागचा पासवाल्यांचा, मधला यंत्रांचा, आणि उरलेल्यात तीन हजार माणसं रुमाल टाकतायत.

"तांत्रिक अडचण असेल," असंही कोणी म्हणेल. वारा, लाईफबोटी वगैरे. मग २००४ ची 'क्वीन मेरी २' बघा. स्टीफन पेन या नेव्हल आर्किटेक्टनं उत्तर अटलांटिकच्या लाटांसाठी काढलेलं जहाज. सातव्या डेकवर सागवानी फळ्यांचा प्रोमेनाड पूर्ण जहाजाला वळसा घालतो, लाईफबोटी डोक्यावर टांगलेल्या. तीन फेऱ्या मारल्या की १.१ मैल, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर. अटलांटिकमध्ये जमतं ते बहामाला जाणाऱ्या बोटीवर का जमू नये?

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. ज्या 'प्रीमा'ला मी एवढा झोडपला तिनंच आठव्या डेकवर 'ओशन बुलेवार्ड' नावाचा पूर्ण फेरीचा रस्ता दिलाय, पाण्यापासून फार उंच नाही, तिकीट नाही. म्हणजे जमतं. ठरवलं की जमतं! पूल डेकवर चिडलेल्या लोकांनीही त्या जागेचं कौतुक केलंय. रॉयल कॅरिबियनच्या २०२४ च्या 'आयकॉन'वर फक्त मोठ्यांसाठीचा 'हाइडअवे' पूल आहे, तिथेही प्रवेशाचे पैसे पडत नाहीत. लोक नव्याला नावं ठेवत नाहीयेत. हातातलं काढून घेतलं म्हणून ओरडतायत.

ओरडण्याचा उपयोग होतो का? अर्धाच. त्याच मालिकेतली २०२५ ची 'नॉर्वेजियन अ‍ॅक्वा' आली तेव्हा गो-कार्ट ट्रॅक गायब झाला होता. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात कळलं, की त्याजागी रोलरकोस्टर आणि वॉटरस्लाईड यांचं एक कडबोळं बसवलंय. एक यंत्र गेलं, दुसरं आलं.

म्हणून मला वाटतं, ओरडायचं तर नेमकं ओरडायला हवं. "पूल मोठा करा" म्हटलं तर ते पूल वीतभर वाढवतील. मागायचं ते हे: माणशी किती चौरस फूट उघडा, फुकट डेक आहे, तो आकडा जाहिरातीत छापा. मला तरी तो कुठल्याच जाहिरातीत दिसला नाही. जे मोजलं जात नाही ते विकलं जातं.

तोपर्यंत तुमच्यासाठी एक सोपी टेस्ट केस. बुकिंग करण्याआधी डेक प्लॅन उघडा आणि बोटीच्या कडेकडेनं बोट फिरवा. कुठेही न उचलता ते सुरुवातीच्या जागी परत आलं तर बोट घ्या. मध्येच फाटक, रेस्टॉरंट किंवा बंद दार आडवं आलं तर फोन ठेवून द्या. मी हे केलं नाही, म्हणून माझ्या बापानं कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या.

शेवटच्या संध्याकाळी आम्हाला मागच्या बाजूला एक कोपरा सापडला. सिगरेटवाल्यांसाठी ठेवलेला. धुरात उभं राहून बाबांनी अर्धा तास बोटीमागे उमटणारा पांढरा पट्टा बघितला. मी विचारलं, "कशी वाटली ट्रिप?"

"बोट छान आहे रे," ते म्हणाले. "समुद्र तेवढा दाखवायला हवा होता."

असो. उद्या सोमवार.