बागेतली पितळी फुलदाणी

आमच्या गावच्या बागेत मध्यंतरी सूर्यघड्याळ बसले. संगमरवरी चौथरा, पितळी तबकडी, हारतुरे, भाषणे, सारे यथासांग. पुढच्या शनिवारी मी नववीची मुले घेऊन गेलो. कोनमापकाने मोजले, तर सावलीचा पत्रा ४० अंशांवर! आपल्या बेळगाव पट्ट्याचा अक्षांश सुमारे १६. पत्रा तेवढाच उचललेला आणि उत्तरेकडे रोखलेला हवा. थंड मुलुखातला नमुना आणून बसवला, की ती झाली शोभेची फुलदाणी.

मी तक्रार केली. उत्तर मिळाले, "गुरुजी, आता खिशाखिशात मोबाइल आहे. वेळ बघतो कोण तिथं?"

अहो, वेळ विचारतो कोण? प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७४.५ वर. अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य ३२ मिनिटे मागे. शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस. त्यामुळे आपला मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराला, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजता. हे सावलीपाशी उभे राहून कळते. आमची मुले मात्र "रोज बाराला सूर्य डोक्यावर येतो" असे लिहितात आणि आम्ही (मीही!) गुण देतो. डोक्यावर तो वर्षातून दोनदाच येतो. त्यातही ऑगस्टची खेप ढगांत जाते.

उज्जैनला सवाई जयसिंहांची वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करवली. तिथल्या सम्राट यंत्राची भिंत २३ अंशांची आहे, जयपूरची २७. ज्या गावचे यंत्र, त्या गावचा कोन.

पत्रा बदलायला लोहाराला अर्धा दिवस पुरे. आकृती माझी नववी काढून देईल, फुकट.